गाडीखाली घातलेलं विमान

मला जर्मन आवडत नाहीत आणि विमानंही आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण लोक पहिल्यांदा तेच विचारतात. मंडळाच्या गणपतीत एका बाईंनी तर आरतीच्या रांगेत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "अगं, तू हिटलरचं भंगार गोळा करतेस म्हणे?" मी म्हटलं, गोळा नाही करत, ओळखते. त्यावर त्यांनी नाक मुरडलं आणि पुढे सरकल्या. मुरडू दे.

मला पत्रा कळतो, एवढंच. आमचं शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एसीच्या डक्टचं वर्कशॉप आहे. नवरा साइट सांभाळतो, मी बावीस वर्षं ड्रॉइंग करते. पत्रा कुठे वाकतो, कुठे फाटतो, रिव्हेट ओढून निघालं की उडून गेलं, हे मला बघताक्षणी समजतं. एकदा क्लायंटसाठी पन्हाळी पत्र्याचे फोटो शोधत होते, ते आपल्या गोडाऊनच्या छपराला असतात ना, तसले. शोधता शोधता समोर एक मोडकं विमान आलं. अख्खं विमान पन्हाळी पत्र्याचं! दुसऱ्या महायुद्धातलं, जर्मनांचं, तीन इंजिनांचं मालवाहू. त्यांचे सैनिक त्याला लाडाने मावशी म्हणायचे म्हणे. खाली कुणीतरी लिहिलं होतं की शेपटी गोळ्या लागून तुटली. मी म्हटलं, छे! ही शेपटी जमिनीवर आपटून मुडपली आहे, वळ्या बघा की. तेच तोडक्या इंग्रजीत लिहून टाकलं. अशी मी पडलेली विमानं ओळखणाऱ्यांच्या त्या इंटरनेटवरच्या ग्रुपात शिरले.

ग्रुपात जगभरातली रिकामटेकडी माणसं आहेत. बरेचसे निवृत्त, बहुतेक सगळे पुरुष, युरोपातले. सैनिकांच्या जुन्या अल्बममधले फोटो येतात: पडलेलं विमान आणि त्यापुढे ऐटीत उभा कुणीतरी. मग विमान कुठलं, कुठे पडलं, शक्य झालं तर नेमकं कोणतं, ते शोधायचं. बाजूवरची अक्षरं, शेपटीवरचा नंबर, झाकणं, रिव्हेटं, सगळं बघायचं. कामाची पद्धत ठरलेली. पहिल्यांदा फोटो सरळ करायचा, मग फालतू भाग कापायचा. फालतू म्हणजे आकाश, जमीन आणि माणसं. "दुर्दैवाने एक सैनिक अक्षरांच्या मध्ये उभा आहे," असं वाक्य तिथे रोज वाचायला मिळतं. मीही तसंच कापायला शिकले होते, आणि त्यात मला काही गैर वाटत नव्हतं.

लेक मात्र वैतागते. "आई, दे वेअर नाझीज," ती म्हणाली. "व्हाय वुड यू केअर?"

"मी त्यांना हार घालत नाहीये," मी म्हटलं. "पडलेलं आहे त्याला पडलेलंच म्हणते. फक्त कुठे आणि कसं पडलं ते खरं सांगते. ओळखणं म्हणजे माफ करणं नव्हे, कळलं?"

तिने खांदे उडवले. पण त्यानंतर ती मैत्रिणींना सांगताना "माय मॉम सॉल्व्ज क्रॅशेस" म्हणते, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

आता चाचांचं सांगते, कारण ही सगळी गोष्ट चाचांचीच आहे. दुबईच्या करामा भागात, आमच्या बिल्डिंगखाली त्यांचं कपडे अल्टर करायचं दुकान होतं. रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका गावचे, वय सत्तर, दुबईत चाळीसहून जास्त वर्षं काढलेली. माझ्या लेकीच्या पहिलीच्या गणवेशापासून नवऱ्याच्या सुटलेल्या पोटापर्यंत सगळी मापं त्यांना पाठ. "ताई, साहेबांना सांगा, आता शिवणीत कापड उरलं नाही," असं सरळ सांगायचे.

एक दिवस मी ब्लाउज घ्यायला गेले तर म्हणाले, "ताई, मी चाललो. कॅन्सल करून. महिनाभरात."

व्हिसा कॅन्सल करून कायमचं गावाला जाणं, याला इथे एवढाच शब्द आहे. मला एकदम वाईट वाटलं. मी काही बोलायच्या आत त्यांनी गल्ल्याखालून एक पाकीट काढलं. म्हणाले, "तुमची मुलगी सांगत होती, तुम्ही पडलेली विमानं ओळखता. हे बघाल?"

पाकिटात पोस्टकार्डाएवढा फोटो. पिवळा पडलेला, एक कोपरा दुमडलेला. वाळवंटात एका पंखावर कललेलं तसलंच पन्हाळी विमान, आणि पुढे डावीकडे एक माणूस, अर्धी चड्डी, डोक्याला फडकं, मान खाली घातलेली. चेहरा दिसतच नव्हता.

"हे माझे अब्बा," चाचा म्हणाले. "असं अब्बा म्हणायचे."

त्यांचे वडील इंग्रजांच्या फौजेत मोटार कंपनीत ड्रायव्हर होते. लढाईच्या वेळी लिबियात होते. परत आल्यावर ते गावात एकच गोष्ट सांगायचे, की आमची गाडी रुतली, तेव्हा आम्ही जर्मन विमान गाडीखाली घातलं आणि गाडी बाहेर काढली. गाव हसायचं. विमान गाडीखाली? मग काय बोट खिशात घातली? कुणी म्हणायचं हा कैरोला भांडी घासत होता, फोटो बाजारात विकत घेतला. पुढे गावात कुणीही फेकाफेक केली की लोक म्हणायचे, "घातलंस का विमान गाडीखाली?" ते गेले तरी ते बोलणं राहिलं. चाचांच्या नातवंडांनाही शाळेत ऐकावं लागलं.

"मला एवढंच सांगा," चाचा म्हणाले. "माझा बाप खरं बोलत होता की खोटं. गावाला जायच्या आधी मला माहीत पाहिजे."

मी म्हटलं, "चाचा, दोन दिवसांत सांगते." काय माझा तोरा!

घरी येऊन फोटो स्कॅन केला. सरळ केला. कापला. विमान मोठं करून ग्रुपात टाकलं. तासाभरात आमच्या मोठ्या गुरुजींचं उत्तर आलं. गुरुजी हे माझं नाव त्यांना. उत्तर युरोपातले एक निवृत्त गृहस्थ, त्यांचा शब्द ग्रुपात शेवटचा. त्यांनी त्याच मोडक्या विमानाचे आणखी चार फोटो लावून दाखवले, वेगवेगळ्या सैनिकांच्या अल्बममधले. खाली लिहिलं, "हे विमान रस्त्याच्या कडेला होतं, प्रसिद्ध होतं. कैरोच्या फोटोवाल्यांनी त्याच्या असंख्य प्रती विकल्या. आपला फोटो हा त्यातलाच."

तेव्हाच्या सैनिकांना असे फोटो विकत मिळायचे, हे खरंच आहे. आमच्याकडे नियमच आहे: एकच मोडतोड अनेक अल्बममध्ये दिसली की फोटो बाजारातला. मी मान डोलावली. आणि तिसऱ्या दिवशी दुकानात जाऊन, उभ्या उभ्या, चाचांना सांगून टाकलं.

"चाचा, फोटो विकतचा आहे."

ते शिलाई मशीनचा दोरा ओवत होते. थांबले. मग म्हणाले, "बरं झालं ताई. मिटलं एकदाचं." आणि पुन्हा ओवायला लागले. चहा मागवू का, असंही विचारलं. मी नको म्हटलं आणि सुटल्यासारखी वर आले.

पण ते "बरं झालं" माझ्या मनातून जाईना. मला वाटलं, बिचारे दुःख गिळून बोलले. म्हातारा माणूस जन्मभर आशा धरून बसला आणि मी ती कात्रीने कापल्यासारखी कापून आले. नवरा म्हणाला, "तू खरं तेच सांगितलंस ना? मग?" मग काही नाही. मग मला भांडी आदळावीशी वाटली, आणि आदळली.

प्रायश्चित्त म्हणा, ठरवलं की चाचांना त्या फोटोची मोठी प्रत करून द्यायची. विकतचा तर विकतचा, बापाची आठवण आहे. करामातल्या स्टुडिओत गेले. तिथला मल्याळी मुलगा म्हणाला, "मॅडम, ये तो कटा हुआ है. पूरा फाइल दो." मी घरून न कापलेला स्कॅन पाठवला. संध्याकाळी मोठी प्रत हातात आली आणि मी स्टुडिओच्या काउंटरवरच ती पसरून वाकले.

इतके दिवस मी विमानच बघत होते. कुणी जमीन बघितलीच नव्हती.

त्या माणसाच्या पायाशी गाडीच्या चाकांचे दोन माग होते. जमीन साधी वाळू नव्हती. वरून कडक, खाली ओली चिखलट, मिठाच्या पापुद्र्याची. इथे त्याला सबखा म्हणतात. आमचा पिकअप उम्म अल कुवैनच्या बाजूला एकदा असल्याच जमिनीत गेला होता, तेव्हा नवऱ्याने डक्टचे तुकडे चाकाखाली सरकवून काढला होता. झालं, खलास, नवी शीट वाया, असं म्हणत मी तेव्हा ओरडले होते. फोटोतले माग खोल होत गेले होते, आणि मग एका ठिकाणी एकदम उथळ. त्या उथळ जागी आडव्या रेघा, एकसारख्या अंतरावर. ओल्या जमिनीवर पन्हाळी पत्रा दाबला की उठतात तशा. माग जिथे संपत होता तिथे, फोटोच्या अगदी कडेला, गाडीचं मागचं चाक अर्धं दिसत होतं. आणि त्या चाकाखालून पत्र्याचं टोक बाहेर आलं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणावर? माझ्यावरच. तो माणूस फोटोत मान खाली घालून काय बघत होता, हे विचारायचं सोडून मी त्याला कापून टाकला होता. सगळ्या जगात ही चूक फक्त आम्हीच करू शकतो, विमान ओळखणारे शहाणे.

मग मी विमानाकडे नव्याने बघितलं. गुरुजींच्या चारही फोटोंत विमानाचं पोट सलग होतं. चाचांच्या फोटोत दाराच्या खाली पत्र्याच्या पट्ट्या नव्हत्या. आणि ते फाटलेलं नव्हतं. पन्हाळीच्या खोलगट रेघेतून सरळ कापलेलं, छिन्नी लावून. कोपऱ्यावर पत्रा जरा ओढला गेला होता, हातोड्याचा घाव चुकला की होतो तसा. आमच्या वर्कशॉपमधला कुठलाही फिटर हे बघून सांगेल.

ग्रुपात पूर्ण फोटो टाकला, सगळं लिहिलं. गुरुजींनी उत्तर दिलं, "रंजक आहे. पण दुर्दैवाने मध्ये आलेला माणूस अक्षरं झाकतो आहे, त्यामुळे निश्चित काही म्हणता येत नाही. शिवाय आपण या विषयात तुलनेने नव्या आहात."

नवी? बावीस वर्षं पत्रा कापतेय मी! मी लिहिलं, "तो माणूस अक्षरं झाकत नाहीये. अक्षरं त्या माणसाच्या मागे आहेत. हा फोटो त्याचा आहे, विमानाचा नाही. तुम्हाला पत्रा कापलेला की फाटलेला हे कळत नसेल तर शारजाला या, मी दोन्ही करून दाखवते." आणि पाठवलं. काही जणांनी माझी बाजू घेतली. ग्रुपाच्या यादीत मात्र त्या फोटोपुढे अजून "अनिश्चित" लिहिलेलं आहे. लिहू दे. मला विमानाचा नंबर नको होता.

तरी एक गोष्ट मला स्वतःला टोचत होती. मी चाचांना फोटो दाखवला आणि ते म्हणाले हो, असंच सांगायचे अब्बा, तर त्याला काय अर्थ? दाखवल्यावर कुणीही हो म्हणतो. म्हणून मोठी प्रत गुंडाळी करून पाठीमागे धरली आणि दुकानात गेले. निघायला चार दिवस होते. कपाटं रिकामी, मशीनवर पांढरी चादर.

"चाचा, अब्बांची गोष्ट पहिल्यापासून सांगा. जशी ते सांगायचे तशी."

"आता कशाला ताई? तुम्हीच म्हणालात ना विकतचा."

"मी चुकले असेन. सांगा तरी."

त्यांनी मशीनवरची चादर सारखी केली. मग स्टुलावर बसले आणि सांगायला लागले, आणि त्यांचा आवाज बदलला. बाप बोलत असेल तसे बोलायला लागले. गाडी रुतली ती वाळूत नाही, मिठाच्या जमिनीत. पुढची चाकं सुटली, मागची बसली. रुतल्यावर चाकाखाली घालायच्या लोखंडी फळ्या पुढे गेलेल्या गाडीने नेल्या होत्या. जवळ विमान पडलेलं. वरचा पत्रा उन्हाने असा तापलेला की हात लावला तर कातडी निघेल, म्हणून पोटाखालचा, सावलीतला कापला. छिन्नी आणि हातोडा. पट्ट्या आडव्या घातल्या, लांबीने घातल्या तर चाक घसरतं. "आडव्या," म्हणताना चाचांनी दोन्ही तळहात हवेत आडवे धरले. मग एका गोऱ्या सार्जंटने फोटो काढला, आणि अब्बा तेव्हा चाक सुटलं का ते बघत होते, म्हणून मान खाली.

मी गुंडाळी उघडली आणि कटिंगच्या टेबलावर पसरली. एक एक गोष्ट बोटाने दाखवली. सावलीतलं पोट. छिन्नीची रेघ. आडव्या खुणा. मागचं चाक. पत्र्याचं टोक.

"चाचा, तुमचे वडील खरं बोलत होते. शब्द न् शब्द. याच्यावर माझ्याशी कुणी वाद घालू दे."

मला वाटलं होतं ते खूश होतील. मी तर पेढे आणायच्या तयारीत होते. चाचांनी चष्मा काढला. दोन्ही हात फोटोवर ठेवले आणि रडायला लागले. साधं डोळे पुसणं नाही, हमसून हमसून. मी घाबरले, शेजारच्या कॅफेटेरियातून पाणी आणलं.

"तुम्ही विकतचा म्हणालात तेव्हा मला बरं वाटलं होतं, ताई," ते म्हणाले. "खरंच बरं वाटलं होतं. मी सुटलो असं वाटलं."

"म्हणजे?"

"मी पंधरा वर्षांचा होतो. हायस्कूलला जाणारा आमच्या घरातला पहिला. बंदरावर हॉटेलात सगळे बसलेले, अब्बांची टर उडवत होते. अब्बा माझ्याकडे वळले. म्हणाले, तू सांग यांना, तू शिकलेला आहेस. आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, अब्बा, पुरे आता थापा. विमान कुणी गाडीखाली घालतं का? सगळ्यात मोठ्याने मी हसलो. लोक माझी पाठ थोपटत होते." त्यांनी फोटोतल्या खाली घातलेल्या मानेवरून बोट फिरवलं. "त्यानंतर त्यांनी ती गोष्ट कधी सांगितली नाही. मरेपर्यंत नाही. मला वाटत आलं, की ते खोटं असलं तर माझा गुन्हा नाही."

मला खरं सांगायची एवढी खुमखुमी होती आणि ते कुणाच्या छातीवर जाऊन बसेल याचा विचार केला नव्हता. तरी एक सांगते, आणि यात मी मागे हटणार नाही: मला पुन्हा संधी मिळाली तरी मी ती गुंडाळी उघडेन. तो माणूस फोटोत उभा आहे. त्याला दोनदा कापायचा हक्क कुणाला नाही, मला नाही आणि त्याच्या मुलालाही नाही. हे मी चाचांना तिथेच म्हटलं, जरा जास्तच जोरात. मग त्यांनी फोटो गुंडाळला, शिवणकामाची फीत काढून तिने बांधला आणि सामानात सगळ्यात वर ठेवला.

चार दिवसांनी ते गेले. विमानतळावर नवरा सोडायला गेला, मला जाववलं नाही.

पुढच्या शुक्रवारी दुपारी त्यांचा व्हॉइस मेसेज आला, लांबलचक. आधी नुसता गलका, कपांचा आवाज, बंदरावरच्या बोटीचं इंजिन. मग चाचांचा आवाज, हॉटेलात उभं राहून बोलल्यासारखा. "हा फोटो इथे भिंतीवर लागणार. सगळ्यांनी जवळ येऊन बघा."

कुणीतरी ओरडलं, "काय चाचा, घातलं का विमान गाडीखाली?" आणि बरेच जण हसले.

"हसा," चाचा म्हणाले. "मी पण हसलो होतो. ह्याच हॉटेलात, अब्बांच्या तोंडावर. त्यांनी मला म्हटलं होतं, तू सांग यांना, आणि मी त्यांनाच खोटारडा ठरवलं. खोटारडा मी होतो. हे मी पंचावन्न वर्षं सांगितलं नाही, ते आज सांगतोय. आता कुणाला हसायचं असेल तर मला हसा."

हसणं थांबलं. कुणीतरी खुर्ची ओढली. चाचांनी घसा साफ केला, आणि मग तो दुसरा आवाज आला, दुकानात स्टुलावर बसून काढला होता तो, बापाचा.

"बसा. गाडी रुतली ती वाळूत नाही, मिठाच्या जमिनीत."